बांधाअलीकडे भात, पलीकडे तिवर

पेण-रोह्याच्या खाडीकाठी गाळ एकच, पाऊसही एकच. तरी बांधाअलीकडे भात, पलीकडे तिवर. असे का? उत्तर आहे मीठ. बाकी सारे मुबलक असले तरी एकच घटक वनस्पतीची सीमा ठरवतो. त्याला आपण मर्यादक घटक म्हणतो. बांधाआतले मीठ पाऊस धुतो, ओहोटीला ते पाणी उघाडीतून जाते. तिवर मात्र पानांवाटे मीठ टाकते. कोरड्या दिवसांत त्याचे कण विद्यार्थ्यांना भिंगातून जरूर दाखवावेत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे भातवाण मीठ सोसतात, पण थोडेच. बांधाला खांड पडून उधाण आत शिरले, की तिवरे रुजतात, मागोमाग निवट्या, खेकडे येतात. खाडी समृद्ध होते. शेतकऱ्याचे शेत जाते. २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून तिवरे तोडण्यास बंदी आहे. ती योग्यच, पण खांड वेळेवर बुजवणे शेतकऱ्याच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही, असे आम्हांला वाटते.