तार ऐकते, पण कुठपर्यंत?

आज बोलतोय झाशीजवळच्या समथरहून. आमचं जवळचं रेल्वे स्टेशन मोठ, झाशी–कानपूर मार्गावरचं. रेल्वेमार्गालगत पुरलेली ऑप्टिकल फायबर केबल निरोप नेते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हीच केबल जमिनीची थरथरही ‘ऐकू’ शकते. ईशान्य सीमांत रेल्वेची ‘गजराज’ यंत्रणा यावरच चालते. हत्ती रुळांकडे येत असले की केबलमधून कळतं आणि इशारा जातो.

हे होतं कसं? केबलच्या एका टोकातून लेझरचा क्षणिक झोत सोडतात. वाटेत ठिकठिकाणी त्यातला कणभर प्रकाश काचेत विखुरतो आणि त्यातला थोडा मागे फिरतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर. म्हणजे 10 मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश 1 किलोमीटरवरचा. जमीन हलली की परतणारा प्रकाश बदलतो. निरोप नेताना हे विखुरणं म्हणजे नुकसान. ऐकताना मात्र तोच आपला खबऱ्या.

आता हिशेब बघा. चांगल्या फायबरमध्ये 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरला साधारण 0.2 डेसिबल. 50 किलोमीटरला 10 डेसिबल, म्हणजे उरला दहावा हिस्सा. पण प्रकाशाला परतही यायचंय! येताना पुन्हा 10. म्हणून शेवटच्या टोकाची खबर सुरुवातीच्या तुलनेत शंभरपट क्षीण. 1 डेसिबल खाणारा एखादा खराब जोडही दोनदा वसुली करतो. त्याच्या पलीकडची खबर तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटते. घट्ट वळण, केबल दाबणारा दगड, कनेक्टरवरची धूळ, सगळ्यांचं तेच.

मग लेझरचा जोर वाढवायचा? एका मर्यादेपलीकडे काचच झोताचं रूप बिघडवते. आधी जोड आणि वळणं सुधारावी लागतात.

खरा धोका वेगळाच आहे. पडदा शांत आहे, तो हत्ती नाही म्हणून, की तार बहिरी झाली म्हणून? मी फौजेत सिग्नल्समध्ये होतो. तिथे सेटवर शांतता असली तरी ठरल्या वेळी हाक देऊन बघायची. इथेही तेच करायचं. केबल टाकली त्या दिवसाचा घटीचा आलेख जपून ठेवायचा आणि आजचा त्याच्याशी ताडून बघायचा. शिवाय जाणारी गाडी ही आयती हाक असते. तिची धडधड 38व्या किलोमीटरपुढे पडद्यावर दिसेनाशी झाली, तर तिथून पुढे हत्तीची चाहूलही लागणार नाही. दुरुस्तीची तुकडी त्याच दिवशी निघायला हवी.