चार अंशांच्या बाहेर

कुंभारगावच्या काठावर अजून पुरतं उजाडलेलं नाही. होडीत पाय ठेवण्याआधी मी सामान तपासतो: कॅमेरा, सहाशे मिलिमीटरची लेन्स, जादा बॅटऱ्या, मऊ फडकं, थर्मास, वही आणि तांदळानं भरलेली कापडी पिशवी. पिशवी बघून नावाडी विचारतो, "काका, होडीतच सैपाक करताय का काय?"

ही हसते. पिशवी माझ्या जुन्या जीन्सच्या पायातून शिवलेली आहे. होडीच्या काठावर ती ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. ट्रायपॉड इथं उपयोगाचा नाही, कारण होडी हलली की तोही हलतो. तांदूळ लेन्सच्या वजनानं हवा तेवढा खचतो आणि तिला धरून ठेवतो.

पुण्याहून पहाटे चारला निघून यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत आम्ही इथवर आलोय. भिगवण सोडल्यापासून हिनं तीनदा आकाश बघितलंय आणि एकदाही माझ्याकडे बघितलेलं नाही. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. गारठा कानात शिरतो. फोटो काढणारी ही, मी नव्हे. माझ्याकडे गाडी, थर्मास आणि वही ही खाती आहेत.

नावाडी दोरी सोडतो. "काका, जरा डावीकडं सरका, कलती होडी." मी सरकतो. तो लांब बांबू तळाशी रोवून होडी पुढे रेटतो. मागच्या फळीवर इंजिन आहे, पण ते तो चालू करत नाही. इथं पाणी जेमतेम गुडघाभर, आणि त्याखाली गाळ.

हा उजनीचा फुगवटा. भीमेवरचं धरण 1980 मध्ये पुरं झालं. भिंत खाली सोलापूर जिल्ह्यात, पण अडलेलं पाणी पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीत शिरलंय. जलाशयाची पूर्ण क्षमता 117 टीएमसीच्या आसपास. पावसाळ्यानंतर तो तुडुंब असतो, तेव्हा लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायलाही जागा मिळत नाही. हिवाळ्यात कालव्यांना आणि नदीला पाणी सुटतं, पातळी उतरते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि उथळ पाण्यात शेवाळ, किडे, शिंपले, बारकी मासळी अशी पंगत मांडली जाते. "पाणी किती उतरलंय ते बघायचं आन् मग पाव्हण्यांना फोन करायचा," नावाडी सांगतो. तो मच्छीमारच. त्याच्या आजोबांची शेती ह्याच पाण्याखाली गेली. वडलांनी जाळं धरलं. तो जाळंही टाकतो आणि हिवाळ्यात होडीतून लोकांना पक्षी दाखवतो.

पूर्वेला तांबूस पट्टा उमटतो, तशी ही होडीच्या तळाशी उतरते आणि काठावरच्या पिशवीवर लेन्स टेकवून जवळजवळ आडवी होते. लेन्सचं तोंड पाण्यापासून वीतभर वर. उभ्यानं फोटो काढला तर पक्ष्यामागे चिखल येतो. इतकं खाली गेलं की पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि मागे फक्त लांबचं पाणी उरतं. हिची पाठ दुखणार आहे. मी न सांगता जाकिटाची घडी करून कंबरेखाली सरकवतो, ती न बघता अंग उचलते.

आता पुढचा तासभर आमचं जग वाटून घेतलेलं आहे. सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जेमतेम चार अंश दिसतं. त्या चार अंशांत तिला रोहिताच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, डोळ्यातली पिवळी कडा दिसते, चोचीच्या काळ्या टोकावरून ओघळणारं पाणी दिसतं. बाकीचं सगळं, म्हणजे आकाश, दोन्ही काठ, मागून येणारी होडी, फिरणारा वारा, माझ्याकडे. मला चोच दिसत नाही. तिला वारा दिसत नाही.

आमची बोली घड्याळाची. होडीचं नाक बारा वाजता. त्या हिशेबानं मी हळूच म्हणतो, "दोन वाजता, खाली." लेन्स उजवीकडे वळते. चित्रबलाकांची जोडी अर्धवट चोच उघडून पाण्यात बुडवून चालली आहे. "नऊ वाजता, उंच." पट्टकदंबांची रांग उत्तरेच्या काठाकडून येते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पक्षी हिमालय ओलांडून इथवर हिवाळा काढायला येतात. पहिल्या खेपेला नावाड्यानं मनगटावरचं घड्याळ बघून मला सांगितलं होतं, "न्हाई काका, सात वाजून दहा मिन्टं." आता तोही ही बोली शिकलाय, आणि त्याचे आकडे माझ्यापेक्षा बिनचूक असतात.

समोर रोहितांचा थवा आहे. शंभरावर असावेत. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतायत. वरची चोच खाली आणि खालची वर. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत येतं, चोचीच्या कडांवरच्या बारीक जाळीतून बाहेर जातं आणि शेवाळ नि बारके जीव आत राहतात. त्यांच्या पिसांतला गुलाबी रंगही ह्याच खाण्यातून येतो. एक जण जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतोय. गाळ ढवळला की अन्न वर येतं. हिच्या कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू येत नाही, तो मुका केलेला आहे. बोट दाबलं जातंय हे फक्त खांद्यावरून कळतं.

डावीकडे, काठाच्या गवताजवळ, चांदव्यांचा घोळका पसरून चरतोय. काळे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. ह्यांनाच वारकरीही म्हणतात, आणि हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. घोळका अचानक आकसू लागतो. आत्ता विखुरलेले शंभर ठिपके एकमेकांना चिकटतात. मी वर बघतो. गवताच्या शेंड्यांना लागून, पंख उंचावून तरंगत, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी येतोय.

"दहा वाजता. गवतावर. तुझ्याकडेच येतोय."

लेन्स सरकते, शोधते, थांबते. भोवत्या घोळक्यावर येऊन झुकतो. वारकरी एकदम पाय-पंख मारून पाणी उडवतात, फेसाची भिंत उभी राहते, आणि तो तिच्यावरून वळसा घेऊन निघून जातो. दोन सेकंद. ही डोळा काढत नाही, पण डावा हात मागे करून माझ्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारते. दोन टिचक्या म्हणजे मिळाला. एक म्हणजे मान कापली गेली, फोटोतली.

ऊन वर येतं. मी थर्मास उघडतो. चहाच्या वासानं की काय, एक होडी आमच्या शेजारी येते. त्यात चौघे जण, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, अंगावर चट्ट्यापट्ट्यांचे जंगली सदरे. त्यातला एक माझ्याकडे वाकतो. "सर, शटर किती ठेवलंय?"

माझ्या हातात चहाचं झाकण आहे. कॅमेरा हिच्या हातात आहे. तरी प्रश्न मला.

"मॅडमना विचारा," मी म्हणतो.

"दोन हजारवर," ही मान न वळवता सांगते. "पण उभ्या पक्ष्याला पाचशेसुद्धा पुरतं. आयएसओ कशाला वाढवायचा?"

असं नेहमी होतं. प्रदर्शनात हिच्या फोटोसमोर उभं राहून लोक माझं अभिनंदन करतात. घरी हिच्या टेबलासमोर वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं छायाचित्र लावलेलं आहे, त्याचं एक कारण हेही असावं. होमाईंना कॅमेरा शिकवला तो त्यांच्या नवऱ्यानं, माणेकशॉंनी. दोघांची भेट झाली तेव्हा होमाई तेरा वर्षांच्या होत्या. पुढे मुंबईत जे. जे.मध्ये शिकत त्या फोटो काढू लागल्या, पण सुरुवातीचे कित्येक फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, कारण बाईचं नाव तेव्हा चाललं नसतं. 1942 मध्ये दोघं दिल्लीला गेले. देशानं स्वातंत्र्याचा सोहळा पाहिला तो बऱ्याच अंशी ह्या साडीतल्या बाईच्या कॅमेऱ्यातून. माणेकशॉ गेल्यानंतर थोड्याच काळात होमाईंनी काम थांबवलं. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा कॅमेरा खाली ठेवून त्यांना चाळीसएक वर्षं झाली होती. हिला त्यातलं दिल्लीचं पर्व आवडतं. मी अडकतो तो माणेकशॉंच्या जागी. बायकोच्या फोटोखाली आपलं नाव छापलेलं बघताना त्यांना काय वाटलं असेल?

शेजारच्या होडीतला तोच गृहस्थ आता आपल्या नावाड्याशी बोलतोय. "उभे किती वेळ काढायचे? फ्लाइट शॉट पाहिजे. जरा जवळ घ्या, इंजिन लावा."

त्यांचा नावाडी का-कू करतो. आमचा इकडून ओरडतो, "चरू द्या त्यांना! रोज उठवलं तर उद्या ह्या काठाला येणार न्हाईत!"

इंजिन सुरू होतं. थव्यातल्या माना एकेक करून वर येतात. खाणं थांबतं. थवा आधी नुसता चालू लागतो, सगळे एका दिशेनं. मग पाण्यावर धावतो, कारण इतक्या लांब पायांच्या पक्ष्याला उचलायला धाव लागते, आणि पंख उघडतात. बसलेल्या पक्ष्यात लपून राहिलेला शेंदरी लाल रंग, त्याला काळी किनार, असे शेकडो पंख एका वेळी समोर. शेजारच्या होडीतून गोळीबारासारखे आवाज. सुंदर दिसतंय, हे खोटं बोलता येणार नाही.

हिच्यासमोर तो थवा बरोब्बर बारा वाजता आहे. हिनं लेन्सवर झाकण लावलंय.

मी काही बोलत नाही. अशा वेळी "घे ना, आता उडालेच आहेत तर" असं म्हणायचं नाही, एवढं मला कळतं. चहाचं झाकण पुढे करतो. ती घेते, फुंकर मारते आणि नावाड्याला म्हणते, "दादा, आपण त्या गवताकडे जाऊ या. इथलं झालं."

गवताकडे मासे धरणाऱ्यांची होडी आहे. बाई वल्हं धरून बसली आहे, पुरुष जाळं ओढतोय. तो ओढेल तसतशी ती होडी फिरवते, एक शब्द न बोलता. जाळ्यात चिलापी चमकतात. ही विचारते, "काढू का हो फोटो?" बाई पदर सारखा करते आणि म्हणते, "काढा की. पर आमचा नगं, मासळीचा काढा." ही मासळीचे काढते. मग बाई स्वतःच म्हणते, "बरं, आता आमचा बी एक घ्या."

दहा वाजता काठाला लागतो. ह्या वेळी खरे दहा. नावाड्याच्या घरी ओसरीवर चटई पसरलेली आहे. चिलापीचा लालभडक रस्सा, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. जेवण वाढेपर्यंत ही कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघत खोडत सुटते. बराचसा ढीग इथंच संपतो. मी वही उघडून लिहितो: वेळ, ठिकाण, वारा, पक्षी, अंदाजे संख्या. संध्याकाळी ही यादी ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाईल. फोटो हिच्या नावानं, मोजणी माझ्या. ह्या व्यवस्थेवर दोघंही खूश आहोत.

"हा बघ," ती पडदा माझ्यापुढे धरते. फेसाची भिंत, तिच्यावर तिरका झालेला भोवत्या, खाली एकाच वारकऱ्याचा लाल डोळा. तो डोळा मी पाहिलाच नव्हता. मला फक्त घोळका आकसताना दिसला होता. ती म्हणते, घोळका आकसला ते तिला ठाऊकच नव्हतं. आत्ता मी सांगतोय तेव्हा कळतंय. दोन सेकंदांच्या एका घटनेचे अर्धे-अर्धे साक्षीदार आम्ही भाकरी मोडत जबान्या जुळवतो.

नावाड्याची आई मला आणखी रस्सा वाढते आणि विचारते, "तुम्ही न्हाई का काढत फोटू?"

"मी वेळ सांगतो," मी म्हणतो. नावाडी ठसका लागेपर्यंत हसतो आणि आईला घड्याळाची भानगड समजावू लागतो.

मग तो हिच्याकडे वळतो. "ताई, उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं ना, तर पळसदेवाचं जुनं देऊळ उघडं पडतंय. धरणाच्या आधीचं. त्या टायमाला या."

हिचे डोळे लकाकतात. ती माझ्याकडे बघते. मी वहीचं नवं पान उलटतो. "ऊन कुठल्या बाजूनं येतं दादा? सकाळी की संध्याकाळी चांगलं? होडी जाते का पार?"

"होडी कशाची जातीय? गाळातनं चालत जावं लागंल."

मी लिहितो: मे, पळसदेव. टोप्या, ताक, पाण्याचे दोन कॅन. ही माझ्या खांद्यावरून यादी वाचते, मग दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघते.

"हे चालायचे नाहीत," ती म्हणते. "जाताना भिगवणच्या बाजारात थांबू. तुला गमबूट घेऊ. नऊ नंबर ना?"