पाऊस जूनमध्ये, पण नर माशाची तयारी फेब्रुवारीतच! हे कॅलेंडर चालवतं कोण?

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच विषयाचे व्हिडिओ फिरू लागतात. कुणी त्याला वलगण म्हणतं, कुणी चढणीचे मासे. ओढ्याला गढूळ पाणी आलं की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट, भातशेतांच्या दिशेनं चढायला लागतात आणि रात्री बॅटऱ्या, जाळी, टोपल्या घेऊन माणसं त्यांच्या वाटेवर उभी असतात. व्हिडिओखाली एक कमेंट हमखास असते: ‘पाऊस आला, मासे अंडी घालायला निघाले.’

कमेंट चुकीची नाही, पण अर्धीच आहे. एक तर पाऊस हा या गोष्टीचा शेवटचा अंक आहे. पहिला अंक फेब्रुवारी-मार्चमध्ये, रखरखीत उन्हाळा सुरू होतानाच होऊन गेलेला असतो. आणि दुसरं म्हणजे या सगळ्या चर्चेत नर कुठेच नसतो. गाबोळीचं कौतुक सगळ्यांना. पण अंडी फलित करायला नराचं शुक्रद्रव त्याच तासाला, त्याच पाण्यात तयार लागतं. ती वेळ जुळवून आणायचं काम हार्मोन्स करतात.

हे समजून घ्यायला आपण रोहू घेऊ. तोही पुराच्या वाहत्या पाण्यातच प्रजनन करणारा मासा, कटला आणि मृगळ यांच्या घराण्यातला. भारतात त्याच्यावर भरपूर अभ्यास झालाय आणि बाजारात तो आपण रोज बघतो.

हिवाळ्यात धागा, पावसाळ्यात पिशवी

डिसेंबरमध्ये रोहूचा नर कापला तर त्याची वृषणं शोधावी लागतात. पोटाच्या पोकळीत वरच्या बाजूला दोन बारीक धाग्यांसारखी ती चिकटलेली असतात. तोच मासा जुलैत बघा, त्या जागी दुधाळ पांढऱ्या, फुगलेल्या दोन लांबट पिशव्या दिसतील. मधल्या काळात झालंय काय?

दिवस मोठा होतो आणि पाणी तापतं. या दोन्हीची नोंद माशाचा मेंदू ठेवतो. त्याच्या डोक्यात पिनियल नावाची छोटी ग्रंथी असते. ती अंधारात मेलाटोनिन सोडते, त्यामुळे रात्र किती लांब आहे याचा हिशेब शरीराला मिळत राहतो. (हो, झोपेच्या गोळ्यांच्या जाहिरातीत येतं तेच मेलाटोनिन.) ऋतूची खूण पटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचं हार्मोन जास्त प्रमाणात सोडतो. ते पोचतं मेंदूच्या खाली लटकलेल्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत, आणि पिट्युटरीतून दोन हार्मोन्स रक्तात उतरतात: एफएसएच आणि एलएच.

या दोघांची पाळी वेगवेगळी असते. हंगामाच्या सुरुवातीला मुख्य काम एफएसएचचं. त्याच्यामुळे वृषणातल्या झोपलेल्या मूळ पेशी विभागायला लागतात आणि त्यातून हळूहळू शुक्राणू घडत जातात. एलएचचा जोर शेवटी, प्रत्यक्ष प्रजननाच्या तोंडावर असतो.

इथे एक गंमत आहे. पुरुषी हार्मोन म्हटलं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन आठवतं. माशांत मात्र अनेक जातींच्या मादीच्या रक्तातही ते भरपूर असतं. नराचं खरं हार्मोन वेगळंच आहे, त्याचं नाव ११-कीटोटेस्टोस्टेरॉन. १९६०च्या सुमारास ते पहिल्यांदा सॉकाय जातीच्या सामन माशाच्या रक्तातून वेगळं काढलं गेलं. शुक्राणू तयार करणं आणि नराची बाहेरून दिसणारी लक्षणं आणणं, दोन्ही त्याच्या खात्यावर. हंगामात रोहूच्या नराच्या छातीजवळच्या परावरून बोट फिरवलं तर ते खरखरीत लागतं, मादीचं गुळगुळीत. मत्स्यबीज केंद्रातले अनुभवी कामगार नर-मादी याच खुणेवरून वेगळे करतात.

मग तळ्यात का होत नाही?

आता खरा प्रश्न. मे-जूनपर्यंत तळ्यातल्या रोहूचा नरही तयार होतो. पोटावर हलका दाब दिला की पांढरा द्रव बाहेर येतो. मादीचं पोटही अंड्यांनी भरलेलं असतं. तरीही साचलेल्या तळ्यात हे मासे प्रजनन करत नाहीत. वर्षानुवर्षं मत्स्यशेतकऱ्यांना पुरातल्या नद्यांमधून बीज गोळा करावं लागायचं, आणि त्यात नको असलेल्या माशांची पिल्लंही मिसळून यायची.

अडतं ते शेवटच्या पायरीवर. अंडी सुटायला रक्तात एलएचची मोठी लाट यावी लागते, आणि या घराण्यातल्या माशांमध्ये त्या लाटेवर ब्रेक असतो. तो ब्रेक म्हणजे मेंदूतलं डोपामिन. एकीकडे जीएनआरएच पिट्युटरीला ढकलतं, दुसरीकडे डोपामिन तिला रोखून धरतं. पुराचं ताजं, वाहतं, थोडं गार पाणी आलं की पारडं फिरतं. तळ्यात तो इशारा मिळतच नाही.

ही कोंडी भारतात फुटली १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी दुसऱ्या माशांच्या पिट्युटरी ग्रंथींचा अर्क टोचून या घराण्यातल्या माशांचं प्रजनन घडवून दाखवलं. म्हणजे लाट आतून येत नाही ना, मग बाहेरून द्या. याच तारखेला आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो.

आज बहुतेक ठिकाणी ग्रंथी कुटत बसावं लागत नाही. तयार इंजेक्शनं मिळतात. त्यात दोन गोष्टी असतात: कृत्रिम जीएनआरएच आणि डोपामिनला अडवणारं डॉम्पेरिडोन. नाव ओळखीचं वाटलं? उलटी थांबवायला डॉक्टर देतात तेच औषध. माशात ते ब्रेक सोडवायच्या कामाला येतं.

नराला डोस मात्र कमी लागतो. पिट्युटरीच्या अर्काच्या पद्धतीत मादीला दोन इंजेक्शनं देतात, नराला एकच, तेही मादीच्या दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी आणि साधारण किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढंच. कारण त्याचे शुक्राणू आधीच तयार असतात. फक्त द्रव वाढायला आणि पातळ व्हायला हवा असतो. एलएचच्या प्रभावाखाली वृषणात तयार होणारं आणखी एक स्टेरॉइड हे काम करतं.

वास आला की हार्मोन वाढतं

नैसर्गिक पाण्यात नराला इंजेक्शन कोण देणार? मादीच देते, पाण्यातून. रोहूच्याच कुळातल्या गोल्डफिशवर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात झालेल्या संशोधनातून हे उलगडलं. अंडी सुटण्याच्या काही तास आधी मादीच्या शरीरात जे स्टेरॉइड वाढतं, ते थोडं पाण्यातही मिसळतं. नराच्या नाकाला त्याचा अगदी सूक्ष्म अंश पुरतो. तो लागला की नराच्या रक्तात एलएच चढतं आणि शुक्रद्रवाचं प्रमाण वाढतं. मग अंडी सुटल्यावर मादी प्रोस्टाग्लँडिन गटातलं दुसरं रसायन सोडते आणि नर तिच्या मागे धावायला लागतो.

एवढी काटेकोर जुळवाजुळव लागते, कारण पुढची वेळ फारच थोडी असते. वृषणातले शुक्राणू हालचाल करत नाहीत. आजूबाजूच्या द्रवातले क्षार त्यांना निपचित ठेवतात. गोड्या पाण्याचा स्पर्श झाला की ते जागे होतात, आणि रोहूसारख्या माशांत त्यातले बरेचसे मिनिटभरातच थकतात. चार-पाच महिन्यांची मेहनत, आणि हातात मिनिटभर!

मागूरच्या नराची गत तर आणखी वाईट. त्याच्या पोटावर कितीही दाब दिला तरी शुक्रद्रव नीट बाहेर येत नाही आणि हार्मोन टोचूनही फारसा फरक पडत नाही. त्यामुळे मत्स्यबीज केंद्रात नराला मारून वृषणं काढावी लागतात. मागूरचं बीज तयार करणं अवघड ठरतं, त्याचं हे एक मोठं कारण.

पावसाच्या तारखा सरकल्या तर?

शास्त्रज्ञांनी हे कॅलेंडर मुद्दाम हलवूनही पाहिलंय. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत दिव्यांनी दिवस लांबवून आणि पाण्याचं तापमान सांभाळून माशांना हंगामाबाहेर तयार करण्यात आलं. म्हणजे तयारी ऊन आणि उजेड ठरवतात, पावसाकडे फक्त शेवटचा इशारा. बीज केंद्रात तो इशारा इंजेक्शननं देता येतो. ओढ्यातल्या माशाला ती सोय नाही. पाऊस फार लांबला तर भरलेली वृषणं घेऊन तो थांबून राहतो, आणि हंगाम उलटला की न वापरलेले शुक्राणू शरीरच जिरवून टाकतं.

म्हणून वलगणीचे व्हिडिओ बघताना मला पहिल्या दोन-तीन रात्रींची जास्त काळजी वाटते. वर चढणारा मासा, नर असो की मादी, अजून प्रजनन न झालेला असतो. पाणी ओसरताना परत उतरणाऱ्या माशाचं काम बहुधा झालेलं असतं. समुद्रात महाराष्ट्रात १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, पण ती बंदी ओढ्यांपर्यंत येत नाही. तिथे निर्णय गावानंच घ्यायचा आहे: जाळं चढत्या पाण्यात लावायचं की उतरत्या.