सर्व्हरवरची फाइल, पण आपल्याच फोल्डरमध्ये

पीएचडीला नाव नोंदवलं की थोड्याच दिवसांत कळतं, आपला डेटा आपल्या लॅपटॉपवर मावत नाही. तो विभागाच्या सर्व्हरवर असतो, नाहीतर पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर (राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला). आणि आपण बसलेलो असतो पडेगावच्या खोलीत, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

मग बहुतेक जण काय करतात? फाइल खाली उतरवतात, बदल करतात, परत वर चढवतात. महिन्याभरात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशी रांग लागते. गाइडनी विचारलं, ‘हा आलेख नक्की कोणत्या फाइलवरून काढला?’ तर उत्तर देता येत नाही. संशोधनात हा प्रश्न साधा नाही, पेपर परत घ्यायची वेळ येऊ शकते. म्हणून फाइल एकच असावी, सर्व्हरवर, आणि ती तिथेच उघडावी.

हे कसं शक्य होतं ते बघा. कोणताही प्रोग्राम डिस्कला स्वतः हात लावत नाही. तो कर्नलला सांगतो: ही फाइल उघड, एवढे बाइट वाच, एवढे लिही. लिनक्स कर्नलमध्ये ‘व्हीएफएस’ नावाचा थर ही मागणी योग्य ठिकाणी पोचवतो. पलीकडे हार्डडिस्क आहे, पेनड्राइव्ह आहे की पुण्यातला सर्व्हर, हे प्रोग्रामला कळतच नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली ‘एनएफएस’ याच कल्पनेवर चालते. पण तिची मांडणी अ‍ॅडमिनच्या हातात असते, विद्यार्थ्याच्या नाही.

आपली सोय झाली ती ‘फ्यूज’मुळे. २००५ मध्ये लिनक्स २.६.१४ मध्ये ते आलं. यात कर्नल ती मागणी एका साध्या, तुमच्याच परवानगीने चालणाऱ्या प्रोग्रामकडे देतं. ‘एसएसएचएफएस’ हा तसाच प्रोग्राम. ज्या एसएसएच लॉगिनने तुम्ही सर्व्हरवर शिरता, त्याच लॉगिनने तो फाइली आणून देतो. सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही, सहसा कुणाची परवानगीही लागत नाही.

दुसरा रस्ता फाइल मॅनेजरचा, आणि इथे बरेच जण फसतात. नोममध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला की फोल्डर दिसतं. ते ‘जीव्हीएफएस’ दाखवतं, केडीईमध्ये ‘केआयओ’. दिसायला तसंच, पण हे काम कर्नलमध्ये नाही, लायब्ररीत होतं. ज्या प्रोग्रामला ती लायब्ररी माहीत आहे त्यालाच तो पत्ता समजतो. तोच पत्ता तुमच्या पायथन स्क्रिप्टला दिला की ती म्हणते, फाइल सापडत नाही. केडीईमध्ये तर अशा प्रोग्रामला तात्पुरती प्रत उतरवून दिली जाऊ शकते. तुम्ही ‘सेव्ह’ करता ते त्या प्रतीवर, आणि बंद करताना विचारलं जातं की बदल वर चढवू का? घाईत ‘नाही’ दाबलं तर सर्व्हरवर जुनीच फाइल राहते. ‘केआयओ-फ्यूज’ बसवलं की ही भानगड मिटते.

आता वेग. समजा एका फेरीला ३० मिलिसेकंद लागतात (पिंग करून तुमचा आकडा बघा). ४००० छोट्या फाइली, प्रत्येकीला उघडणं-वाचणं-मिटणं अशा तीन फेऱ्या. झाल्या १२,००० फेऱ्या, म्हणजे ३६० सेकंद, पूर्ण सहा मिनिटं. नेटचं पॅकेज कितीही महागाचं घ्या, हा वेळ फारसा कमी होत नाही, कारण तो डेटाच्या आकाराचा नाही, ये-जा करण्याचा आहे. म्हणून गणित सर्व्हरवरच चालवा. जोडलेलं फोल्डर आलेख बघायला, लाटेकमधलं प्रकरण सुधारायला, स्क्रिप्टमधली ओळ बदलायला.

झोटेरोचा डेटाबेस मात्र त्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तो एसक्यूलाइटचा असतो, आणि एसक्यूलाइट फाइल लॉकवर विसंबतं. नेटवर्कवरच्या फाइलींमध्ये लॉक नीट पाळलं जाईलच असं नाही, आणि दोन ठिकाणांहून एकदम लिहिलं गेलं तर डेटाबेस खराब होऊ शकतो.

नेट तुटलं की ते फोल्डर उघडणारा प्रत्येक प्रोग्राम अडकून बसू शकतो, म्हणून एसएसएचएफएस जोडताना ‘रिकनेक्ट’ हा पर्याय द्या. लॅपटॉप मिटण्याआधी फाइली बंद करा आणि फोल्डर सोडवा.