जुना राऊटर फेकू नका! नवं फर्मवेअर टाका, गावचं वायफाय पुण्यातून दुरुस्त करा

मुलगा पुण्यात, आई-वडील गावाकडे. घरचं नेट बंद पडलं की फोनवर तासभर "कुठला लाईट लागलाय? वायर काढून परत लाव" हेच सुरू. पण मुलाला तिथूनच राऊटरच्या आत शिरून बिघाड बघता आला तर? हे जमतं, तेही फुकटच्या सॉफ्टवेअरवर. मात्र घाई केली तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो. म्हणून आधी नीट समजून घ्या.

फर्मवेअर म्हणजे काय?

राऊटर हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो. तो चालवणारं जे सॉफ्टवेअर आत भरलेलं असतं, ते फर्मवेअर. कंपनी काही वर्षांनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं बंद करते. राऊटर चालू राहतो, पण त्यातल्या सुरक्षेच्या फटी तशाच राहतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने असेच राऊटर आणि कॅमेरे पकडले. बहुतेकांचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच होता, कुणी बदललाच नव्हता. त्याच उपकरणांच्या जोरावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साईट काही तास अडल्या.

ओपनडब्ल्यूआरटी आलं कुठून?

२००२ च्या शेवटी लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राऊटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्याचा नियम असा की, ते वापरून वस्तू विकली तर त्याचा कोडही खुला करावा लागतो. कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' हे त्या राऊटरचंच. आज ते शेकडो मॉडेलवर चालतं.

आधी हे तपासा

१) राऊटर तुमच्या मालकीचा आहे का? फायबरवाल्याने बसवून दिलेला डबा बहुतेक वेळा कंपनीचा असतो. त्याला हात लावू नका. स्वतः विकत घेतलेला किंवा कपाटात पडलेला राऊटर घ्या. वॉरंटीत असेल तर ती जाऊ शकते.

२) राऊटर उलटा करून स्टिकर वाचा. मॉडेलसोबत व्हर्जनही लिहून घ्या. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ चंच बघा, व्हर्जन २ आणि व्हर्जन ५ च्या फाईल वेगळ्या आहेत. चुकीची फाईल गेली की राऊटरची वीट झालीच म्हणून समजा.

३) ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवर उपकरणांची यादी आहे, त्यात तुमचं मॉडेल शोधा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या जुन्या राऊटरला आताच्या आवृत्त्या चालत नाहीत. निदान ८ आणि ६४ तरी हवेत, १६ आणि १२८ असेल तर उत्तम.

४) नेटवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवा. जुन्या सेटिंग सगळ्या पुसल्या जाणार आहेत.

फ्लॅश कसं करायचं?

लॅपटॉप आणि लॅनची वायर लागेल. हे काम वायफायवरून करायचं नाही. पहिल्यांदा 'फॅक्टरी' नावाची फाईल घ्यायची, 'सिसअपग्रेड' नावाची पुढच्या अपडेटसाठी असते. राऊटरच्या जुन्या पानावर फर्मवेअर अपग्रेडमध्ये ही फाईल द्या आणि थांबा. चार-पाच मिनिटं काहीही दाबू नका.

आपल्याकडे खरा धोका लाईटचा. अर्ध्यात लाईट गेली तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर लावा, लॅपटॉप चार्ज करून ठेवा. तरीही फसलंच तर अनेक मॉडेलमध्ये रीसेट बटण दाबून धरून फाईल परत भरायची सोय असते. ती पद्धत त्या मॉडेलच्या पानावर आधीच वाचून ठेवा, कारण नंतर वाचायला घरात नेट नसेल!

शेल म्हणजे काय, आणि त्यात शिरायचं कसं?

राऊटर चालू झाला की लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत १९२.१६८.१.१ टाका. युजरनेम 'रूट', पासवर्ड रिकामा. पहिलं काम म्हणजे दणकट पासवर्ड ठेवणं. वायफाय सुरुवातीला बंदच असतं, ते आपण चालू करून त्यालाही पासवर्ड द्यायचा.

शेल म्हणजे काळा पडदा. त्यात इंग्रजीत आज्ञा टाईप करायची आणि राऊटर उत्तर देतो. 'लॉगरीड' टाकलं की काय बिघडलं त्याची नोंद दिसते, 'रीबूट' टाकलं की तो बंद होऊन परत चालू होतो. या दाराला एसएसएच म्हणतात. लॅपटॉपवरून जाता येतं, तसंच मोबाईलवर टर्मक्ससारखं ॲप घेऊनही जाता येतं.

लांबून शिरताना सावध

एसएसएचचं दार बाहेरच्या इंटरनेटसाठी बंदच असतं, आणि ते बंदच राहू द्या. सरळ उघडलं तर जगभरचे चोर पासवर्ड लावून बघत बसतात. त्याऐवजी राऊटरवर 'वायरगार्ड' बसवा. ज्याच्याकडे किल्लीची फाईल आहे, त्यालाच त्या खाजगी वाटेने आत येता येतं.

एक अडचण येते. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल, तर नेटवाल्याने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग बाहेरून थेट येता येत नाही. नेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर मध्ये भाड्याचा छोटा सर्व्हर लागतो.

आणि हो, हे सगळं स्वतःच्या राऊटरपुरतंच. शेजाऱ्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या राऊटरमध्ये परवानगीशिवाय शिरून छेडछाड करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एकदा बसवलं की काम संपलं असं नाही. नवी आवृत्ती आली की अपडेट करत राहा. पहिला प्रयोग मात्र चालू राऊटरवर नको, कपाटातल्या जुन्यावर करा. तो बिघडला तरी घरचं नेट सुरू राहील.