‘म्युच्युअल’ म्हणजे नेमके काय? सही करण्याआधी समजून घ्या

वाशिम : ‘म्युच्युअल’ हा इंग्रजी शब्द आता रिसोड-मानोऱ्याच्या चहाटपरीवरही कानी पडतो. शिक्षकांची ‘म्युच्युअल’ बदली, बँकेत ‘म्युच्युअल’ फंड, फेसबुकवर ‘म्युच्युअल’ फ्रेंड आणि कोर्टात ‘म्युच्युअल’ घटस्फोट. शब्द एकच, पण सही कुठल्या कागदावर होते, त्यावर बरेच काही ठरते.

हा शब्द लॅटिनमधल्या ‘म्युच्युअस’वरून आला. त्याचा अर्थ उसना घेतलेला, अदलाबदलीचा. आपल्याकडची सावड आठवा. एकेक बैल असलेले दोन शेतकरी जोडी जुळवतात, आज याचे शेत, उद्या त्याचे. दोन्हीकडून देणे असेल तरच म्युच्युअल.

मराठीत त्याला ‘परस्पर’ म्हणतात आणि खरा घोटाळा इथेच होतो. ‘भावाने शेत परस्पर विकले’ म्हणजे कुणाला न विचारता विकले! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ जवळपास उलटे आहेत. म्हणून ‘परस्पर संमतीने घटस्फोट’ हे वाचून दाखवताना ‘संमती’ गळली, तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो. त्यापेक्षा ‘दोघांच्या संमतीने’ असे सरळ सांगावे.

हिंदू विवाह कायद्यात ही तरतूद १९७६ मध्ये आली, कलम १३-ब. पती-पत्नी किमान वर्षभर वेगळे राहत असावेत आणि अर्ज दोघांनी मिळून करावा लागतो. त्यानंतर ६ महिन्यांनी, पण १८ महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा कोर्टापुढे तीच मागणी करायची. योग्य प्रकरणात ६ महिन्यांची अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. महत्त्वाचे म्हणजे पहिल्या सहीने सगळे संपत नाही. हुकूम होण्याआधी एकाने संमती मागे घेतली, तर या कलमाखाली घटस्फोट मिळत नाही. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन यांच्या अटी मात्र सहीआधीच मराठीत समजून घ्याव्यात.

बदलीचे गणित सोपे. वाशिमचा शिक्षक नाशिकला, तिकडचा इकडे. एकाने माघार घेतली की जोडी तुटली. फंडात अनेकांचे पैसे एकत्र गुंतवले जातात, त्यामुळे नफ्याबरोबर तोट्यातही आपापला वाटा येतो. ती मुदत ठेव नव्हे.

राहिला ‘म्युच्युअल फ्रेंड’. तो दोघांचा सामाईक मित्र, म्हणून व्याकरणाचे कडवे इंग्रज या वापरावर नाक मुरडत. डिकन्सने १८६४ मध्ये कादंबरीच्या नावातच तो वापरला आणि पुढे तोच रूढ झाला.