मधल्या अक्षरांचा हिशेब

ड जीवनसत्त्व, थायरॉइडचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनोइक आम्ल यांचे संदेश जनुकांपर्यंत पोचवणारी ग्राही प्रथिने वेगवेगळी आहेत. तरीही डीएनएवर ती एकच सहा अक्षरी खूण शोधतात, एजीजीटीसीए, आणि तीही लागोपाठ दोनदा. मग कोणी कुठे बसायचे, हे कशावरून ठरते? कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटच्या रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले, की ते मुख्यतः दोन खुणांमधल्या अंतरावरून ठरते. मध्ये ३ अक्षरे असतील तर ड जीवनसत्त्वाचे ग्राही प्रथिन, ४ असतील तर थायरॉइडचे, ५ असतील तर रेटिनोइक आम्लाचे. या नियमाला पुढे अपवाद सापडले, पण गाभा टिकला. म्हणूनच मधल्या जागेला रिकामी समजणे मला चूक वाटते. तीसुद्धा जनुकाला दिलेल्या आदेशाचा भाग आहे.

एका अक्षराने एवढा फरक पडतो, कारण डीएनए गोल जिन्यासारखा वळत जातो आणि साधारण साडेदहा अक्षरांत एक वेढा पुरा करतो. मध्ये एक अक्षर वाढले, की पुढची खूण ०.३४ नॅनोमीटर लांब जाते आणि सुमारे ३४ अंशांनी फिरतेही. पाच अक्षरे वाढली तर ती जवळजवळ पलीकडच्या बाजूला जाते. हार्वर्डमध्ये अ‍ॅन हॉखशिल्ड आणि मार्क टाश्नी यांनी लॅम्डा विषाणूच्या दमनकारी प्रथिनावर हेच तपासले आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. खुणांमध्ये पूर्ण ५ किंवा ६ वेढ्यांचे अंतर ठेवले, तेव्हा प्रथिनांनी एकमेकांना धरून डीएनएवरची पकड घट्ट केली. अंतर अर्ध्या वेढ्याने बदलताच हे सहकार्य संपले. म्हणजे साडेपाच वेढ्यांवर न जमलेली गोष्ट त्याहून लांब, सहा वेढ्यांवर जमली! नुसत्या लांबीने याचा उलगडा होत नाही. दोन्ही प्रथिने डीएनएच्या एकाच बाजूला यावी लागतात.

यावर रास्त आक्षेप असा, की प्राण्यांच्या कित्येक नियंत्रक पट्ट्यांत खुणा मागेपुढे सरकल्या तरी जनुक नीट चालते. ते खरेच आहे. तिथे प्रथिने एकमेकांना थेट भिडत नाहीत. प्रत्येक जण स्वतंत्रपणे काम करतो किंवा मिळून डीएनएची गुंडाळी सैल करतो. शिवाय खुणा शेकडो अक्षरे दूर असल्या, की मधला डीएनए सहज वाकतो, पिळतो आणि कोनाचा काटेकोरपणा ओसरतो. पण यावरून अंतर बिनमहत्त्वाचे ठरत नाही. प्रथिनांची गाठ कशी पडते, त्यावर त्याचे वजन ठरते. म्हणून जनुकीय बदल तपासताना, खूण शाबूत आहे एवढ्यावरून शेजारचे गळालेले अक्षर निरुपद्रवी ठरवता येत नाही.